परत येणाऱ्यांचं गाणं

आज इथे आखातात, आमच्या जनाबियातल्या कंपाऊंडमध्ये कोणीतरी कोळसे पेटवले आणि त्या वासाने नेहाच्या निरोपाची संध्याकाळ आठवली. मुलीच्या शाळेसाठी माझी बायको दोनच वर्षं पुण्याला चालली होती. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्या त्यागावर भाषण ठोकलं, तोवर कबाब जळाले. मग शेजारच्या आयरिश पॅट्रिकने डोळे मिटून त्याच्याकडचं जुनं लोकगीत म्हटलं: प्रियकर बोटीने जातो, ती किनाऱ्यावर म्हातारी होते.

"आता परत येणाऱ्याचं एखादं म्हण," नेहा म्हणाली.

तो बराच वेळ आठवत राहिला. निखाऱ्यांवर राख धरली.

"तसलं आमच्यात नसावं," तो म्हणाला.

सगळे हसले. नेहाने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

मुलगी आता पुण्यात नोकरीला लागली आहे. नेहा तिच्याजवळच असते. मी उठून खिडकी लावली.