यादीगुरुजी आणि अलाबामाच्या सात सीटा

यादीगुरुजींना माणसाचं नाव आठवायला वेळ लागे, पण त्याचा मतदार यादीतला अनुक्रमांक चटकन आठवे. रायपुरातल्या गुढियारीच्या बाजारात भाजी घेताना ते समोरच्याला खुशाल विचारत, "काय तीनशे चाळीस, तब्येत कशी आहे?" आणि तीनशे चाळीस नंबरचा म्हातारा पिशवी सावरत उत्तर देई, "बने हे, गुरुजी." नव्या माणसाला हा प्रकार तुरुंगातल्यासारखा वाटायचा. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांना मात्र गुरुजींनी नंबरानं हाक मारली की बरं वाटे. यादी दरवर्षी नव्यानं छापून आली की नंबर बदलत, आणि गुरुजी आठ दिवसांत नवे पाठ करत.

ते आमच्या सरकारी प्राथमिक शाळेत गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात मतदार यादीचं घरोघरचं काम पाहत. हे काम आम्हा मास्तर मंडळींच्या गळ्यात पडतं आणि बहुतेक जण ते गळ्यातलं लोढणं समजूनच करतात. गुरुजींनी ते हौसेनं केलं. त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर इथे आले होते. घरात भिंतीवर घटनाकारांची तसबीर होती आणि तिच्याखालच्या फळीवर जुन्या याद्यांचे गठ्ठे. "वडिलांची सही नव्हती, अंगठा होता," ते सांगत. "पण मताच्या दिवशी धुतलेला सदरा घालून जायचे."

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा अगदीच कोरी होते. आमचं घर मराठ्यांच्या राज्यापासून रायपुरातलं, आणि त्याचा एक फुकाचा ताठा माझ्यात होता. बस्तीत दारोदार हिंडायचं मला जड गेलं. पहिल्याच दिवशी गुरुजी म्हणाले, "बाई, दारात उभं राहून नाव नका विचारू. आत जा, बसा, पाणी मागा. पाणी पाजल्यावर माणूस तुमच्याशी खोटं बोलत नाही." माझ्या पर्समधून डोकावणारी पाण्याची बाटली त्यांनी पाहिली होती. ते तिच्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, पण माझे कान गरम झाले. दुसऱ्या दिवसापासून बाटली घरीच राहिली.

नाव घालताना गुरुजी जितके मऊ, तितके कापताना कठोर होते. "मेलेल्याचं नाव राहिलं का, तो येऊन मत टाकून जाते," असं ते म्हणत. गावाबाहेर गेलेल्याचं नाव ते एक महिना ठेवत नसत. त्यांच्या शेजारच्या लताबाईंची मुलगी लग्न होऊन दुर्गला गेली, तेव्हा लताबाई अक्षरशः हात जोडून उभ्या राहिल्या. "राहू द्या ना, गुरुजी. पोट्टी दिवाळीले येते. नाव असलं तर वाटते, आहे अजून घरात." गुरुजींनी त्यांच्यासमोरच लाल रेघ ओढली. "माहेर घरात राहते, लताबाई, यादीत नाही राहात." लताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला गुरुजींचा राग आला होता, हे आज कबूल करते.

गुरुजींची स्वतःची मुलगी, एकुलती एक प्रज्ञा, नर्सिंग शिकून आधी आखाती देशात आणि तिथून अमेरिकेत गेली. दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात समुद्राकाठच्या एका शहरात तिला दवाखान्यात नोकरी लागली. दुसरा बाप असता तर त्यानं तिथली हवा कशी, भाजी काय मिळते, हे विचारलं असतं. गुरुजींनी विचारलं, "तुझा खासदार कोण?" प्रज्ञाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच शोध लावला. गोल बाजारातून स्केच पेनांचं पाकीट आणलं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अलाबामाचा नकाशा काढला आणि तिथल्या संसदेच्या सात सीटा सात रंगांनी रंगवल्या. प्रत्येक सीटवर जिंकणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं, कारण दर दोन वर्षांनी ते पुसायची पाळी येई. "दोन वर्षांत पुन्हा चुनाव!" ते हताश होत. "खासदार काम करते कधी अन् प्रचार करते कधी?"

तिथल्या निकालाचा दिवस म्हणजे आपल्याकडची बुधवारची सकाळ. गुरुजी त्या दिवशी अर्धी रजा टाकत. मोठ्या गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, एकदा कारण विचारलं तर यांनी अर्जावर सरळ लिहिलं, 'अलाबामा'. रजा मंजूर झाली. मला वाटतं, मोठ्या गुरुजींना तो आजार वाटला असावा.

हसण्यासारखं एवढंच. त्या नकाशापुढे गुरुजींना हसताना मी फारसं पाहिलं नाही. एका सीटला शेपटासारखा निघालेला तुकडा होता. त्यावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "ही शेपटी काहून काढली, सांगा. इथं काळे लोक राहतात. सगळ्यांले एकाच सीटमध्ये कोंबलं, म्हणजे बाकी सीटांवर यांची गरजच नाही. अन् आपल्याकडे उलटं केलं, पारा फोडला." आमच्या बस्तीच्या मधोमध नाला आहे. वॉर्डांच्या नव्या आखणीत नाल्याच्या या बाजूची घरं एका वॉर्डात आणि त्या बाजूची दुसऱ्यात गेली. तेव्हापासून दोन्ही नगरसेवक नाला दुसऱ्याचा म्हणतात. गुरुजींनी तेव्हा अर्ज केले होते, पोच घेतली होती. अलाबामात लोक कोर्टात गेले आणि रेषा बदलून घेतल्या, ही बातमी त्यांनी मला भर वर्गात येऊन सांगितली. नव्या रेषेत प्रज्ञाची गल्ली पहिल्या सीटमधून दुसऱ्या सीटमध्ये गेली होती. गुरुजींनी तिला फोनवर कळवलं. "बाबा, मैं यहाँ रहती हूँ, मुझे नहीं मालूम. आपको कैसे मालूम?" ती म्हणाली. मराठी तिला सगळी कळे, पण उत्तर हिंदीत येई.

ही बातमी यायच्या आधीच गुरुजी निवृत्त झाले होते आणि आमच्या भागाची यादी माझ्याकडे आली होती. निवृत्तीच्या आठवड्यात आम्ही दोघं ती शेवटची तपासत बसलो होतो. त्यांच्या घरापुढे तीन नावं होती, ते स्वतः, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि प्रज्ञा. प्रज्ञाच्या नावापुढे निळ्या शाईत खूण होती, म्हणजे मतदार इथेच राहतो. मागच्या वर्षीच्या यादीत होती, त्याच्या मागच्याही. मी वर पाहिलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

"येईल ती," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी येऊन राहिली."

लताबाईंच्या पोरीला एक महिना मिळाला नव्हता. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या माणसानं मला लोकांच्या घरात बसायला शिकवलं, त्याच्या घराचा हिशेब मागायला माझी जीभ उचलली नाही. पुढच्या वर्षी प्रज्ञा आली नाही. यादी आली, आणि तिच्या नावापुढे मी खूण केली. त्यांची शाई निळी होती, माझी काळी, एवढाच काय तो फरक.

मग एका दुपारी गुरुजी शाळेत आले. प्रज्ञानं तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. मी अभिनंदन म्हणाले, ते "हव" म्हणाले. दुसऱ्या देशाच्या नागरिकाचं नाव आपल्या यादीत एक दिवससुद्धा राहू शकत नाही, हे आम्हा दोघांइतकं पाऱ्यात कोणाला ठाऊक असणार! दोघांपैकी एकानंही विषय काढला नाही.

त्या वर्षीच्या तिथल्या निवडणुकीत गुरुजी नुसते बघे नव्हते. "दुसऱ्या सीटवर आमचं एक मत आहे," असं त्यांनी भाजीवालीपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. बुधवारी सकाळी मी शाळेत जाताना त्यांच्या दारात थांबले, तर फोन चालू होता.

"टाकलं?" गुरुजी ओरडून विचारत होते.

"हाँ बाबा, डाल दिया."

त्यांनी फोन ठेवला आणि नकाशावरच्या दुसऱ्या सीटमध्ये, जिंकणाऱ्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात 'प्रज्ञा' असं लिहिलं. पेन्सिलीनं नाही, पेनानं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वर्षभरानं आमच्याकडे मतदार याद्यांची मोठी फेरतपासणी निघाली. या खेपेला नुसती खूण चालणार नव्हती. प्रत्येक मतदाराचा छापील अर्ज, त्यावर सही, खोटं निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची आणि माझी. मी तीन अर्ज घेऊन गुरुजींकडे गेले. काकूंनी चहा ठेवला. गुरुजींनी दोन अर्ज भरले आणि तिसरा गुडघ्यावर ठेवून बसून राहिले.

"भरून टाका ना," काकू म्हणाल्या. "नाव राहिलं तर कोणाचं काय जाते? पोट्टीचं इथं एवढंच तर आहे."

"माझी नोकरी जाईल, काकू," मी म्हणाले. हे वाक्य मी घरूनच ठरवून आले होते. मला भीती वाटत होती आणि ती लपवावी असंही मला वाटलं नाही.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. गुरुजींची मान खाली गेली. "बाईच्या हातून मी इतकी वर्षं खोटं करवलं," ते काकूंना म्हणाले, मग मला म्हणाले, "दोन दिवस द्या."

तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले. दोन अर्ज भरलेले होते. तिसरा कोराच, आणि त्याच्यासोबत नाव वगळण्याचा रीतसर अर्ज, कारणासकट, त्यांच्या वळणदार अक्षरात. "एका माणसाचं एकच मत, बाई," ते म्हणाले. "तिचं आता तिकडे आहे. तिनं टाकलं नसतं तर माझा हात चालला नसता. मी नाव कापून नाही राहिलो, तिकडे पाठवून राहिलो."

घरी जाताना ते लताबाईंच्या दारात थांबले. हे मला लताबाईंनीच सांगितलं. गुरुजी म्हणाले, "तुमच्या पोट्टीचं नाव मी कापलं अन् माझ्या पोट्टीचं ठेवलं होतं." लताबाई म्हणाल्या, "मले माहीत होतं, गुरुजी. साऱ्या पाऱ्याले माहीत होतं. बसा, पाणी आणते." ते बसले नाहीत.

काकूंनी त्यानंतर त्यांच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं. ताट वाढत, औषध देत, पण बोलत नसत. नवी यादी शाळेच्या भिंतीवर लागली तेव्हा गुरुजी एकटेच आले, चष्मा पुसून आपल्या घरापुढची दोन नावं वाचून गेले. आपला नवा नंबर त्यांनी मला सांगितला नाही, मीही विचारला नाही. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

प्रज्ञाला व्हिसा मिळून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती होती. लोक गेल्यावर मी आवराआवर करत होते, आणि ती खोलीत नकाशासमोर उभी होती. दुसऱ्या सीटमधलं आपलं नाव तिनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"दीदी, ये बाबा ने कब लिखा?"

"तू मत टाकलंस त्या सकाळी."

ती खाली बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उस दिन मेरी डबल ड्यूटी थी. मेरा बूथ भी बदल गया था, दूर हो गया था. सोचा शाम को जाऊँगी. नहीं गई. बाबा इतने खुश थे, मैंने हाँ बोल दिया." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "यहाँ की लिस्ट में तो मेरा नाम है ना? मम्मी बोलती थी, बाबा ने कभी काटा नहीं."

खोटं बोलायची ती वेळ होती, आणि मी बोलले नाही. माझ्या स्वभावातला हा भाग मला आवडत नाही. "कापलं," मी म्हणाले. "त्यांनीच. तू मत टाकलं म्हणालीस, त्या भरवशावर."

प्रज्ञा ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मलाही तिचा राग येत होता आणि माझाही. गेलेल्या माणसाचं नाव महिना उलटायच्या आत काढायचं, हे मला ज्यानं शिकवलं त्याच्याच नावाचा अर्ज त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होता. मी तो भरूनच आणला होता, फक्त घरच्या माणसाची सही बाकी होती. तिनं कागद पाहिला, वाचला, डोळे पुसले आणि पेनासाठी हात पुढे केला. "मैं करती हूँ, दीदी. बेटी हूँ."

त्या अर्जावर सही करणारा याच यादीतला मतदार असावा लागतो. मी कागद तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि काकूंना हाक मारली.