फाटकावरचा म्हातारा काय म्हणत होता

सांगायला लाज वाटते, पण चहा येईपर्यंत वेळ आहे, तर सांगूनच टाकतो. माणूस एखादी चूक दिवसभर करतो, फार तर वर्षभर. मी पंचवीसएक वर्षं एकच चूक जपली, लोकांना कौतुकानं सांगितली आणि शेवटी घरच्यांना समोर बसवून तिचं प्रदर्शन भरवलं.

मी मूळचा अमरावतीकडचा. पुण्यात नोकरीला आलो तेव्हा आयटीची नुसती लाट होती. हडपसरला कॉट बेसिसवर राहायचो. खोलीत मी, माझा मित्र विनय आणि दोघांत मिळून एक असेंबल केलेला कॉम्प्युटर. एकदा विनयनं बुधवार पेठेतून एका गेमची सीडी आणली. कव्हर नाही, वर स्केचपेननं नाव. ओरिजिनल सीडी विकत घेणारा माणूस आम्ही तोवर पाहिलाच नव्हता.

गेम असा. दूरच्या एका मरायला टेकलेल्या ग्रहावर एक तरुण मेकॅनिक भंगारातलं अवकाशयान दुरुस्त करत असतो. यानतळाच्या फाटकावर त्याचा म्हातारा बाप उभा. पोरगा जवळ आला की म्हातारा दोन्ही हात वर करतो, ओठ हलवतो, पण आवाज नाही. अख्ख्या गेममध्ये कुणालाच आवाज नाही. शेवटी यान तयार होतं, पोरगा शिडीच्या पायथ्याशी येतो आणि पडदा काळा. संपलं.

मी सुन्न झालो होतो. म्हातारा म्हणतोय, 'नको जाऊस.' आणि पोरगा खरंच जात नाही. याला म्हणतात कलाकृती, असं मला वाटलं.

त्याच सुमारास कंपनी मला अमेरिकेला पाठवत होती. मी ताठ मानेनं नाही म्हटलं. विनय गेला. मी मात्र भेटेल त्याला त्या शांततेबद्दल सांगत सुटलो. मुलगी बघायला गेलो, तिथेही पोहे खाता खाता सांगितलं. ती मुलगी म्हणजे आताची माझी बायको सुनीता. ती तेव्हा नुसतं "बरं" म्हणाली होती. पुण्याची आहे. त्या 'बरं'चा अर्थ मला अजून लागायचाय.

आता आमच्या एकुलत्या एक रेवाला जर्मनीत नोकरी मिळाली. तिनं सांगितलं तेव्हा 'जाऊ नकोस' म्हणायला तोंड उघडेना, 'जा' म्हणायला जीभ वळेना. घरात मी नुसता भुतासारखा फिरत होतो. तेवढ्यात कळलं, तोच गेम नव्या चकचकीत चित्रांसह पुन्हा आलाय. जे मला बोलवत नव्हतं ते तो म्हातारा माझ्या वतीनं बोलणार होता.

मी साठलेली रजा काढली. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये अर्धं आयुष्य गेलं, थोड्या दुपारी मुलीला द्यायला काय हरकत?

"रेवा, हा गेम माझ्याबरोबर शेवटपर्यंत खेळ. मग तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही."

"प्रॉमिस, बाबा?"

"प्रॉमिस."

पहिल्या दुपारी मी स्वतः चहा केला, पडदे ओढले आणि म्हणालो, "आता शांतता ऐक."

लगेच ढोल बडवल्यासारखं संगीत सुरू झालं. पोरगा बोलतोय, रोबो बोलतोय, दरवाजासुद्धा उघडताना स्वागताचे दोन शब्द बोलतोय.

"बाबा, शांतता कुठेय?"

"नव्या लोकांनी वाट लावलीय. तू पुढे बघ."

पुढे फाटक आलं. माझा म्हातारा आला. त्यानं दोन्ही हात वर केले. आणि तो इंग्रजीत, पण आपल्या पेठेतल्या सुरात, खेकसला. मराठीत सांगायचं तर असं: "अजून इथेच का तू? ते यान काय माझ्या तेराव्याला उडवणार आहेस?"

सुनीता मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, हे 'नको जाऊस' म्हणणारेच ना?"

तो हात वर करून थांबवत नव्हता, हाकलत होता. प्रत्येक भेटीत हाकलत होता. मी पंचवीस वर्षं त्याच्या तोंडी माझी वाक्यं घालत होतो.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, शेवट बघा. शेवट तोच असणार.

शेवटच्या दुपारी पोरगा शिडीपाशी आला. पडदा काळा झाला नाही. बापानं त्याला धक्का देऊन आत ढकललं, दार लावलं आणि खटका स्वतः ओढला. यान ठिपक्याएवढं होईपर्यंत म्हातारा बघत राहिला. मग बाहीनं डोळे पुसून, कुणीच नसताना, म्हणाला, "जेवून गेला असता तर बरं झालं असतं."

तरी मी म्हणालो, "हे यांनी नंतर घुसडलंय."

रेवानं मोबाईलमध्ये शोधलं. "नाही हो बाबा. शेवट पहिल्यापासून हाच आहे. मूळ गेम तीन सीडींचा होता. तुमची सीडी कॉपी केलेली. एका सीडीत मावावा म्हणून आवाज आणि व्हिडिओ काढून टाकायचे तेव्हा."

म्हणजे बघा, अमेरिका मी तत्त्वासाठी सोडली नव्हती. बुधवार पेठेतल्या कुणा दुकानदाराला सीडीत जागा कमी पडली म्हणून सोडली होती.

दोघींपैकी कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार एकटं वाटलं, पण शब्द दिला होता. मी सगळं बळ गोळा केलं आणि म्हणालो, "रेवा, जा तू. कळव त्यांना."

रेवा जवळ येऊन बसली. "बाबा, मी केव्हाच कळवलंय. तिकीटही आलंय. तुम्ही रोज इतक्या हौसेनं चहा करून बसत होता, मला सांगवेना."

मी सुनीताकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिची नवी बॅगसुद्धा आणून ठेवलीय. गेले काही दिवस तुम्ही तिच्यावरच पाय ठेवून खेळताय."