नळाखाली धुतलेली उल्का

नीला गेल्याचं कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. हार घातलेला फोटो आणि खाली प्राचार्यांचे शब्द : 'दगडांवर प्रेम करणाऱ्या मॅडम.' वाचून डोक्यात तिडीक गेली. महिना उलटला, अजून उतरलेली नाही...

कल्याणच्या कॉलेजात ती भूशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून उल्केचा एक काप विभागासाठी आणला. सूक्ष्मदर्शकाखाली तिला त्यात तपकिरी कण दिसले. मला हाताला धरून घेऊन गेली. "ओल्डहॅमाइट असावं बघ. कॅल्शियम आणि गंधक, बस. प्राणवायू जवळजवळ नाही अशा जागी घडलेलं. आपल्या दमट हवेत टिकतच नाही गं." हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही आपल्याच देशात पडलेल्या उल्केत, हे तिने मला दोनदा सांगितलं. खात्रीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, तर प्राचार्यांची सही हवी. ते "बघू" म्हणायचे. कित्येक महिने बघतच राहिले. तोवर काप हवाबंद डब्यात होता, वर तिच्या अक्षरात 'पाणी लावू नये.'

मग तपासणी समिती यायची ठरली. नीला रजेवर असताना प्राचार्यांनी डबा उघडायला लावला, काप नळाखाली घासून घेतला आणि काचेच्या कपाटात मांडला. ती परतली तेव्हा कपाट उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला. तपकिरी कणांच्या जागी पांढुरके खळगे. "मॅडम, दगडच ना तो? चकाचक दिसायला नको?" प्राचार्य हसून म्हणाले. तिने आवाज चढवला नाही. "पृथ्वीइतकं जुनं होतं, सर. तुमच्या नळाने घालवलं."

समितीने त्या कापाबद्दल विचारलं, तेव्हा तिने प्राचार्यांसमोरच घडलं ते सांगितलं. त्याची किंमत तिने निवृत्तीपर्यंत मोजली. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली, शेवटची वर्षं भूशास्त्र सोडून भलतेच विषय गळ्यात मारले. आणि आता शोकसभेत तेच गृहस्थ तिच्या 'संशोधक वृत्ती'वर बोलत होते. मी उठले आणि सगळं सांगितलं, नळासकट. शेजारच्या बाईंनी पदर ओढला, "आज नको हो." मग कधी? ती असताना तरी कोण बोललं होतं?

सभेनंतर बाळकुमला तिच्या घरी गेले. तिचे यजमान श्रीधरराव गॅससमोर उभे राहून कढईत सिलिका जेलचे गुलाबी दाणे परतत होते. दमट हवेने गुलाबी पडतात, तापवले की पुन्हा निळे होऊन ओल शोषतात, असं त्यांनी समजावलं. ओट्यावर घट्ट झाकणाची बरणी होती, दाणे तिच्यातलेच. प्रयोगशाळेत पाठवायला म्हणून नीलाने त्या कापाची आधीच वेगळी काढलेली कपची बरणीत होती. नीला आजारी पडल्यापासून बरणी कोरडी ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"पाठवायची का आता?" मी विचारलं.

"पाठवू या. आता कुणाची सही लागत नाही."

दाणे अजून पुरते निळे झाले नव्हते. ते परतत राहिले.