विरोधी बाजूचा पहिला नंबर

गेल्या आठवड्यात शेवगावला गेले होते. तिथल्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. रिटायर झाल्यापासून अशी बोलावणी आली की मी नाही म्हणत नाही... घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं, तेवढाच एक दिवस माणसांत जातो.

विषय होता, 'गरिबांना मोफत धान्य द्यावे की नाही'. निवडणुका तोंडावर, त्यामुळे हा वाद सध्या टीव्हीपासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे पेटलेला. कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं, ते चिठ्ठ्या उचलून ठरलं होतं.

पाथर्डीकडच्या एका खेड्यातली मुलगी होती, सेकंड इयरची. तिला इथे वैष्णवी म्हणते, खरं नाव लिहीत नाही. तिच्या चिठ्ठीत विरोधी बाजू निघाली.

काय बोलली ती... कुठे अडखळणं नाही, कागद नाही, आवाज एकदम स्वच्छ. "फुकटच्या धान्यानं पोट भरतं, पण मनगट लुळं पडतं," असं ती म्हणाली आणि हॉल दणाणला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मीसुद्धा पेन खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

पहिला नंबर तिचाच. आम्हा परीक्षकांत चर्चासुद्धा झाली नाही.

प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी आले होते. ट्रॉफी देताना त्यांनी माईक हातात घेतला. "आम्हाला मतांपायी जे बोलता येत नाही, ते या लेकीनं बोलून दाखवलं," म्हणाले. परत टाळ्या, मग फोटो... फोटोत ती हसत नव्हती. दमली असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी स्टँडवर आले तर ती बाकावर एकटीच बसलेली. ट्रॉफी ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलेली. तिला पाथर्डीची गाडी हवी होती, मला नगरची. (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून झाली नाही.) मला बघून ती सरकली आणि जागा दिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज, त्यामुळे आई मोठ्यानं बोलत होती... न ऐकायचं ठरवलं तरी मला सगळं ऐकू येत होतं.

"आला का गं नंबर?"

"आला. पयला."

"आगं बया... कशावर बोलली?"

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या गाडीकडे. "झाडं लावा म्हणून," ती म्हणाली.

"चांगलं झालं. आजीला सांग, लई खूश व्हईल."

तिनं फोन ठेवला. मी काही विचारलं नव्हतं, पण तीच बोलायला लागली. आई-आप्पा कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेत. घरी ती आणि आजी. घरात जो गहू-तांदूळ शिजतो, तो रेशनचा. "सकाळी त्योच भात खाऊन आले मॅडम. आन इथं येऊन तसं बोलले."

"अगं, स्पर्धा होती ती. चिठ्ठीत आलं ते बोललीस," मी म्हटलं. इतकी वर्षं मुलांना हेच सांगत आले, की वक्त्याला दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत.

"ते बराबर हाय," ती म्हणाली. "बोलताना मला काई वाटलं न्हाई. टाळ्या वाजल्या ना, तवा वाटलं. चिठ्ठी तर मला आल्ती... त्यांना कुठं आल्ती?"

त्या टाळ्यांत माझेही हात होते.

मी म्हटलं, "तुझी गाडी यायची आहे अजून. आता दुसरी बाजू मांड. मी ऐकते."

ती आधी लाजली. मग ट्रॉफी बाकावर ठेवली आणि जमिनीकडे बघत, हळू आवाजात बोलली. मघाची सफाई आता नव्हती. मध्येच वाक्य सोडून द्यायची, परत धरायची.

"माझ्याबरुबरच्या पोरी धावीच्या आधीच तोडीला गेल्या. आईबापानं त्यांना ठिवायचं कुनाकडं, आन खायला काय घालायचं... दोगी-तिगींची तर लग्नं लावली तवाच. मलाबी आप्पा न्यायला निगाले हुते. आजी आडवी आली. म्हनली, घरात दानं हायेत, आमी दोगी खाऊ, पोरीला शिकू द्या."

मग वर बघून म्हणाली, "मी बसून खायाला मागं न्हाई राहिले मॅडम. शिकायला राहिले."

आमच्यासमोरून माणसं जात होती, कंडक्टर ओरडत होते. कोणी थांबलं नाही, कोणाला ऐकूही गेलं नाही.

मी तिला म्हटलं, "हे आईला सांग कधीतरी."

"फोनवर नको," ती म्हणाली. "ती रडत बसंल, आन टोळीतली मानसं इचारतील काय झालं म्हनून. घरी आल्यावर बघू."

पाथर्डीची गाडी लागली. ती गर्दीतून वर चढली, खिडकी मिळाली नाही, त्यामुळे परत दिसली नाही. नगरच्या गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामीच होती... रस्ताभर तिचं बोलणं मनात चालू होतं आणि ते कोणाला सांगावं, कळत नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे.

वैष्णवी, त्या बाकावर तू मला जे ऐकवलंस त्याबद्दल मनापासून आभार. पण ते ऐकायला तिथे माझ्या जागी तुझी आई हवी होती गं.