वहीत नसलेलं वाक्य

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप गेल्या महिन्यात आला. आठवणी गोड असाव्यात, असंही सांगितलं होतं. चौतीस वर्षं त्या शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा गोड आठवणी पुष्कळ आहेत. पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. लिहायला बसलो की अर्ध्या तासात मान धरते. एखादीच गोष्ट लिहून होईल एवढा दम उरला आहे. म्हणून जी लिहायची टाळत आलो, तीच लिहितो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही नववी-दहावीसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय विज्ञानाच्या बाईंनी दिला, 'परग्रहवासीयांचे आक्रमण: निव्वळ कल्पना की उद्याचे वास्तव?' तेव्हा टीव्हीवर उडत्या तबकड्या रोज उतरत होत्या आणि मुलांना दुसरा विषय नको होता. परीक्षक मी एकटाच.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायला हवी. स्पर्धेची भाषणं मुलं लिहीत नसत. शिक्षक लिहून देत, मुलं पाठ करत. हातवारेसुद्धा कंसात लिहिलेले असत, 'येथे उजवा हात वर.' त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. संस्थेच्या एका संचालकांचा मुलगा दहावीत होता. त्याचं भाषण मी लिहून दिलं होतं. म्हणजे लिहिणारा मी आणि गुण देणाराही मीच.

भाषण 'सावधान, मानवा!' असं सुरू होत होतं. पुढे एक वाक्य होतं, त्यावर मी फार खूश होतो: 'त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी आपली गोदामाई हे परग्रहवासी एका घोटात पिऊन टाकतील!' मुलाने हात वर करून ते म्हटलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

त्याच्यानंतर नववीतल्या एका मुलीचा नंबर होता. वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, घर बौद्ध वस्तीतल्या कॉलनीत. तिला कोणी भाषण लिहून दिलं नव्हतं, कारण तिने मागितलं नव्हतं. तिच्या हातात वही होती. तिने ती उघडली, क्षणभर पाहिली आणि मिटली.

"आत्ता दादा म्हणाला की ते आपली गोदावरी प्यायला येतील," ती म्हणाली. "इतक्या ताऱ्यांपलीकडून ज्याला येता येतं, त्याला वाटेत कुठेतरी पाणी मिळेलच. पाण्यासाठी भांडायला शेजारचाच लागतो. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, ती माणसं काही तबकडीतून उतरलेली नव्हती."

मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि एकटं पडून थांबलं. ती पुढे शांतपणे बोलत राहिली. ते येणारच नाहीत असं तिचं म्हणणं नव्हतं. येतीलही. पण गोष्टींमध्ये ते जसे वागतात, तशी माणसं वागून चुकली आहेत, म्हणून तर त्या गोष्टी लिहिता येतात, असं ती म्हणाली. आले तर खरे कसे असतील, ते आपल्याला माहीत नाही.

माझं सगळ्यात लाडकं वाक्य तिने चारचौघांत मोडून ठेवलं होतं. गुणपत्रिकेवर तिचं आडनाव माझ्यासमोर होतं, आणि ते वाचून मनात जे आलं तेही खरं सांगायचं तर लपवण्यासारखंच होतं. मी उभा राहिलो.

"हे कोणी लिहून दिलं?"

"कोणी नाही सर. मीच."

"वडील काय करतात?"

"ओझरला आहेत सर. कारखान्यात."

"असं! म्हणजे घरी विमानांसारखी भाषणंही जोडून मिळतात वाटतं!"

मुलं खो खो हसली. शिक्षकही हसले. 'भाषण स्वतःचे नसल्याने बाद' असा शेरा मी मारला आणि पहिलं बक्षीस माझ्याच भाषणाला दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. कारखान्याचा गणवेश अंगावर, हातात तीच वही.

"सर, ही वही बघा. किती खाडाखोड आहे बघा. ज्याला दुसऱ्यानं लिहून दिलं, तो एवढं खोडतो का?"

मी पानं चाळली. खरंच खोडून खोडून लिहिलेलं होतं. गोदावरीचं, विहिरीचं वाक्य कुठेच नव्हतं. कसं असणार? माझ्या भाषणात काय आहे, हे तिला आधी माहीत नव्हतं. ते ती तिथे उभ्या उभ्या बोलली होती. वादविवादात दुसऱ्याचं ऐकून उत्तर देणारी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेली ती पहिली मुलगी. हे सगळं त्या वहीवर बोट ठेवलेलं असताना मला कळलं, आणि मी म्हणालो,

"विहिरीचं वाक्य तर यात नाहीच. म्हणजे ते तिला कोणीतरी ऐनवेळी सांगितलं."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बक्षीस नको सर. ती चोर नाय, एवढं फक्त पोरांपुढं बोला."

"निकाल लागलाय आता," मी म्हणालो. त्यांनी वही घेतली. शिफ्टची वेळ झाली होती.

गेल्या आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याकडून तिचा नंबर मिळवला आणि तिला फोन केला. ती विमा कचेरीत अधिकारी आहे. गंगापूर रोडवर आमच्या घरी आली, हेल्मेट मांडीवर ठेवून बसली. वडील चार वर्षांपूर्वी गेले, असं तिने सांगितलं. मी विषय बदलून विचारलं.

"मग, आता काय वाटतं तुला? येतील का ते परग्रहवासी?"

"परीक्षक कोण आहे, त्यावर आहे सर," ती म्हणाली आणि हसली.

"त्यानंतर भाग घेतलास की नाही कशात?"

"नाही. ऑफिसात कोणाचा निरोप समारंभ असला की मी फुलं देते. बोलायला दुसऱ्याला सांगते."

मी तिला या लेखाचा कच्चा मसुदा वाचायला दिला. तिने चष्मा लावून सावकाश वाचला. चहा गार झाला.

"नावं घातली नाहीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "माझी मुलगी त्याच शाळेत आहे. पण सर, इथे तुम्ही लिहिलंय, 'माझ्या गैरसमजातून एका गुणी मुलीवर अन्याय झाला.' हा शब्द काढा."

"कोणता?"

"गैरसमज. पप्पा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, 'सरांना समजलंय. वही बघताना त्यांचा चेहरा मी बघितला.' तेवढ्यावरच ते शांत झोपायचे. ते खोटं ठरवू नका."

ती गेल्यावर मी तो शब्द खोडला आणि लेख पहिल्यापासून पुन्हा लिहिला. दोन दिवस लागले. त्या शाळेत जे कोणी हे वाचतील, त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. भाषण तिचं स्वतःचं होतं. पहिल्या बक्षिसाचं भाषण माझं होतं. आणि वही पाहताना मला सगळं समजलं होतं.