साक्कोट्टैच्या देवळातली अर्धी प्रदक्षिणा

पाठीवर पिशव्या टाकून गावभर पायी हिंडणाऱ्या कॉलेजच्या पोरी कुंभकोणमनं त्याआधी पाहिल्या असतील, तर मी नाव बदलीन. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करातल्या खाकी पिशव्या मिळायच्या, त्या घेऊन माझ्या दोन मैत्रिणी सुट्टीत दक्षिण बघायला निघाल्या आणि पहिला मुक्काम आमच्या घरी. एक चांगली उंच, दुसरी चष्मेवाली. एक जादा पिशवी त्यांनी माझ्यासाठीही आणली होती. ती मी पाठीला लावली मात्र, घरातल्या आत्याचं तोंड जे आंबट झालं ते दिवसभर तसंच राहिलं.

आत्याचं तोंड मला परवडणारं नव्हतं. पुण्याला माझं कॉलेजचं एक वर्ष राहिलं होतं आणि तिथं परत जायचं की नाही, हे त्या सुट्टीत ठरायचं होतं. आत्याचं म्हणणं, पोरगी हातची गेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, मोठ्या रस्त्यावर त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. ते कमी बोलायचे. एवढंच म्हणाले, "मैत्रिणी येतायत ना? येऊ देत. बघू आणि मग ठरवू." म्हणजे परीक्षा माझी आणि पेपर लिहिणार या दोघी! मी त्यांना दहादा बजावलं, बायांनो, नीट वागा गं.

तशा त्या नीटच वागल्या. सकाळी कावेरीच्या घाटावर पाय बुडवून बसल्या, विड्याच्या पानांच्या बाजारात टोपल्या हुंगत हिंडल्या, कॉफीचा दुसरा पेला मागून प्यायल्या. पुण्यात माझ्या तंजावरी जुनाट मराठीची टर उडवणाऱ्या या दोघी, इथं मी तमिळमध्ये पानवाल्याशी हुज्जत घालायला लागले तशा तोंडाकडे बघत राहिल्या. लोक थांबून विचारत होते, सर्कस आली का? मी म्हटलं, आली, आणि वाघीण मीच. असला तोरा होता त्या सकाळी!

मग भाताच्या शेतांमधून चालत आम्ही साक्कोट्टैला गेलो. तिथं शंकराचं जुनं देऊळ. बाहेर पिशव्या ठेवल्या, पाय धुतले, दर्शन झालं आणि दोघी प्रदक्षिणेला लागल्या. मी तेल घालायला दिव्यापाशी थांबले, तेच चुकलं.

आपल्याकडे महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. गाभाऱ्यातून तीर्थ बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. दोघी लहानपणापासून तेच करत आलेल्या. तमिळ मुलखात मात्र रोज सगळे पुरा फेरा घालतात, आणि आमच्यासारखी तंजावरची मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या तसाच घालतात. हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दोघी पन्हळीपाशी गेल्या, नमस्कार केला आणि गर्रकन वळल्या. समोरून नुकतंच लग्न लागलेले नवरानवरी येत होते, गळ्यात हार, पुढं सनईसारखं नादस्वर, मागं अख्खं वऱ्हाड. वाट ती केवढीशी!

नादस्वर बंद पडलं. नव्या जोडप्यासमोर देवळात दोघी उलट्या दिशेनं चालत आलेल्या! नवरीची आजी कपाळावर हात मारून ओरडली, अपशकुन, अपशकुन! माझ्या मैत्रिणींना एक अक्षर कळेना, त्या भिंतीला चिकटून उभ्या. उंच मैत्रीण मला मराठीत म्हणाली, "अगं, पुढं कशी जाऊ? पन्हळ ओलांडायची का?" तिचा आवाज रडवेला झाला होता. त्यात नवरीचे मामा आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी मला ओळखलं. संपलं सगळं, म्हटलं. पुणंही संपलं.

त्याच वेळी मला राग आला. खरं सांगते, भीती नाही, राग. मैत्रिणी देवाला मान देत होत्या, कुणाच्या वाईटावर नव्हत्या. मी गर्दीत घुसले आणि पुजाऱ्यांना तमिळमध्ये विचारलं, "स्वामी, प्रदोषाच्या दिवशी जाणती माणसं इथंही पन्हळीपासून परत फिरतात की नाही?"

पुजारी म्हणाले, "फिरतात. शास्त्रच आहे ते."

"मग यांच्या देशात रोजच प्रदोष असतो. दोन बायका नवरीसाठी जास्तीचं पुण्य घेऊन आल्यात, आणि तुम्ही अपशकुन म्हणता?"

पुजारी खो खो हसले. म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते." मग काय, वऱ्हाडही हसलं. मैत्रिणींना मी भिंतीकडेनं काढलं, नादस्वर सुरू झालं, आणि आजीनं स्वतः दोघींना कुंकू लावून जेवायला ओढत नेलं. पायसमची खीर वाढून वाढून त्यांना बेजार केलं.

तरी घरी जाताना मी रस्ताभर सबबी जुळवत होते, कारण मामा सायकलवरून आमच्या आधी गावात गेले होते. दारात आत्या. "आलीस? देवळात चार लोकांत तोंड चालवून आलीस? मी म्हणत होते ना?" मागं अप्पा उभे. दुकान सोडून ते त्या वेळी कधी घरी येत नसत.

"काय गे," अप्पा म्हणाले, "प्रदोषाचं कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. तुमच्याबरोबर लहानपणी देवळात जात होते, तेव्हा बघितलं होतं."

अप्पा पुढं आले. मग माझ्याकडे नाही, मैत्रिणींकडे बघत बोलले. "माझ्या लग्नात साताऱ्याकडचे सोयरे आले होते. तेही देवळात पन्हळीपाशी असेच वळले. लोक हसले. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी, दोन्ही भाषा येणारा, मान खाली घालून उभा राहिलो. त्यानंतर ते कधी आले नाहीत."

आत्या काही बोलायला गेली. अप्पांनी हात वर केला. "जाऊ दे तिला पुण्याला. वर्ष पुरं करू दे. हातची गेलेली पोरगी असं बोलत नसते."

दुपारभर मी स्वतःवरच खूश होते. पण परक्या मुलींसमोर बापानं आपली लाज अशी उघडी केली, ती माझ्यासाठी. त्यानंतर मला जो अभिमान वाटत आलाय, तो त्यांचा आहे. मी मैत्रिणींसमोर भोकाड पसरून रडले, आणि अप्पा दुकान उघडायला परत गेले.