निळ्या हाऊसचे रागीट सर

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जेवढी म्हणून रागीट माणसं आहेत, त्या सगळ्यांचा राग एका घमेल्यात ओतला तरी आमच्या हाऊसमास्तर सरांच्या सकाळच्या पहिल्या रागाएवढा भरणार नाही. हे मी सांगते आहे, आणि मी काही गरीब गाय नाही. मोर्शीच्या रस्त्यावर, संत्र्याच्या बागांना लागून आमची निवासी शाळा, मुलं-मुली दोन्ही. निळ्या हाऊसमधली मुलं सरांच्या ताब्यात, मुली माझ्या ताब्यात, मधे एक अंगण. पहाटे त्या अंगणात बादल्यांचा खडखडाट सुरू झाला की त्याच्या वरताण सरांचा आवाज चढायचा. घंटा उशिरा झाली म्हणून राग, वेळेवर झाली तर इतक्या जोरात कशाला म्हणून राग. कूलरवर तर त्यांचं जुनं वैर. उन्हाळ्यात तो पाणी टाकायचा थांबला की त्याच्यासमोर उभे राहून विचारत, "काहून बे, तुले काय झालं?" आणि तो थोडा गुरगुरला की समाधानाने निघून जात.

त्यांच्या रागात मुलामुलींच्या राखीव जागा नव्हत्या. कूलरची मोटर बिघडली की मुलींच्या हातात पाना द्यायचे आणि शर्टाची बटणं तुटली की मुलांच्या हातात सुईदोरा. बाळापूरकडचा एक दांडगा मुलगा एकदा म्हणाला, "सर, घरी हे काम माही बहीण करते." सर कडाडले, "मंग तिले बोलाव अन् तू घरी जा. तिले दोन्ही कामं येतात, तुले एक बी नाही." त्या मुलाने त्या दिवशी बटण लावलं ते थेट खिशाला लावलं, पण लावलं. शेजारच्या बागेतली संत्री चोरीला गेली तेव्हा सगळं हाऊस ओळीत उभं करून सर एकेकाचा हात हुंगत चालले होते. शेवटी एका चिमुरडीने विचारलं, "सर, तुमचा?" सरांनी स्वतःचा हात हुंगला आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले; पोरांनी दिलेलं एक संत्रं त्यांनीही दुपारी कुठलं ते न विचारता खाल्लं होतं. मग येणाऱ्या रविवारी भरपाई म्हणून बागवाल्याची संत्री तोडायला आम्ही सगळे, पुढे सर, स्वतःवरच रागावत.

पण मला त्यांची खरी ओळख पटली ती पालकभेटीच्या रविवारी. आईबाप डबे घेऊन येतात, झाडाखाली चटया पसरतात, आणि एखाद्या पोराचं कुणीच येत नाही. ते फाटकाकडे बघत बसलं की सर त्याला हेरायचे. "केस कोण विंचरले तुहे? ही नखं हायेत का खुरपं? ट्रंक उघड, पाहू दे मले." संध्याकाळपर्यंत त्या पोराला रागावून रागावून इतकं कामाला लावत, की फाटकाकडे बघायला त्याला सवड उरत नसे. वर त्यांच्या बायकोने केलेली पुरणपोळी त्याला रागावतच खायला घालत. मी एकदा म्हटलं, "सर, जरा गोड बोलावं पोरांशी." ते म्हणाले, "मॅडम, गोड तं पाहुणे बोलतात. रागावते थे घरचं माणूस."

आता ज्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ते सांगते. आमच्या हाऊसच्या मुली कबड्डीच्या एकाच संघापुरत्या. सरावाला समोर दुसरा संघ आणायचा कुठून? सरांनी मुलं उभी केली. माझ्यादेखत, दिवसाढवळ्या, अंगणात. आमची कप्तान नववीतली, पकडीत पक्की. तिच्या गावात शाळा सातवीलाच संपते. एका पालकभेटीला तिने चढाईवर आलेल्या मुलाचा घोटा धरून त्याला असं आपटलं की मुलं-मुली सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एका पालकाने ते मोबाइलवर टिपलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. 'हे काय संस्कार चालू आहेत?' झालं. संस्थेचे सचिव गाडी काढून आले, आम्हाला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, मुलीचं नाव शाळेतून काढून टाका. ज्याचा घोटा धरला त्याला कुणी काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर मुळात चोरीच नव्हती. नाव काढलं की ती पोरगी घरी, आणि घरी म्हणजे शाळा कायमची बंद, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी सरांकडे पाहिलं. म्हटलं, आता सचिवांची काही खैर नाही. आणि हा माणूस हात जोडून, कीर्तनाला बसल्यासारखा मऊ आवाजात म्हणाला, "सराव मी लावला, साहेब. मले काढा, पोट्टीले राहू द्या." सचिवांनी सौदा केला: सरांनी अकोल्याच्या मुलांच्या शाखेत जायचं, आणि निळ्या हाऊसच्या पोरांना पुन्हा शिकवायचं नाही की रागवायचं नाही. सरांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मी त्यांना शब्दांनी झोडपून काढलं. "जन्मभर कूलरवर राग उधळला आणि कामाच्या दिवशी संपला काय हो?" ते चप्पल पायात सरकवत म्हणाले, "रागावलो असतो तं मले बरं वाटलं असतं, मॅडम. पण पोट्टी घरी गेली असती."

ते गेले. मुलींचा सराव आता दोरीवरच्या उड्यांवर आला, मेसमध्ये मुलं एकीकडे, मुली दुसरीकडे. नवे सर फार सज्जन आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. पालक खूश आहेत. माझं डोकं दिवसभर तापलेलं असतं.

या हिवाळ्यात अकोल्याला कबड्डीचे सामने होते. सचिव मंचावर हार घालून बसलेले. सर खाली, मातीवर, अगदी कडेला. शेवटच्या चढाईला आमच्या कप्तानने घोट्याऐवजी मांडी धरली, समोरची निसटली, आम्ही हरलो. पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. ती सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, घोटा सोडला मी."

सर चपलेचा पट्टा नीट करायला लागले.

"रागवा ना, सर."

सरांनी मंचाकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे. "बरी खेळली तू, बेटा," ते हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बेटा' मी पहिल्यांदाच ऐकलं. हरून न रडलेली पोरगी त्या शब्दाने ओक्साबोक्शी रडायला लागली.

मला राहवेना. मी तिच्यावर ओरडले, "रडतेस काय? मांडी धरतात का कधी? सरावाला झोपली होतीस का? गुडघे धू आधी, अन् केस बांध."

ती डोळे पुसत नळाकडे पळाली. सर मातीवरून उठले, धोतरासारखी चुरगळलेली पँट झटकली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाले, "आवाज कमी पडून राहिला, मॅडम."